उठवणीची चाल

महाड, १० नोव्हेंबर २०२४

जितेश,

वर ‘चि.’ लिहिलं होतं, ते खोडलं. चाळिशीला टेकलेल्या आणि पेट्रोलपंपावर तीन माणसांना एकटा लोळवणाऱ्या माणसाला चिरंजीव म्हणावं की नाही, ते ठरेना.

तुझा फोन मॅनेजर उचलतो. दोनदा तो ‘सरांना सांगतो’ म्हणाला. त्याने सांगितलं नाही की सांगूनही तू केला नाहीस, ते मला कळायला नको. म्हणून पत्र. पाकीट तरी तुलाच फोडावं लागेल.

विषय तुझ्या चित्रपटाचा आहे. ‘गाडी घाटात आहे’ मी पाहिलेला नाही. गाणी मात्र चुकवू म्हटलं तरी चुकत नाहीत. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर सकाळी ती ओळीने लावतो. एमआयडीसीतली निम्मी पोरं तुझ्यासारखा केसांचा कोंबडा काढून येतात आणि गेटवर टोपी चढवावी लागली की हळहळतात. मराठीत रॉक अँड रोल गावं तर यानेच, असं पेपरात आलं होतं. कात्रण ठेवलंय.

भाऊबीजेला मी वाडीवर आबांकडे होते. दुपारी जेवणं चालली होती. रामजीचा टेम्पो पोलादपूरहून मुंबईकरांचं सामान घेऊन वर येत होता. त्याने नवे स्पीकर बसवलेत. शेवटच्या वळणावर त्यातून तुझं सहावं गाणं सुरू झालं, ‘उठा की महाराज’. त्यात आधी बराच वेळ नुसता ढोल आहे, गिटार मागून येते. तो ढोल काय वाजवतो ते तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण तू विसरला असशील अशी एक शंका मनात आहे. ती उठवणी आहे. शिमग्याला जननीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उचलताना ढोल-टिमकी-सनईच्या खालू बाजात वर्षातून एकदा वाजते ती. ती वाजली की देवी निघाली, आता प्रत्येक दारात येणार. आपल्या वाडीत रांगणारं पोरसुद्धा ती ऐकून अंगणाकडे वळतं.

तर ऐन कार्तिकात उठवणी वाजली आणि उष्ट्या हातांनी बायका उठल्या. आपल्याला वाढवणारी गोदूआत्या सगळ्यांच्या पुढे, शेजारच्या आवडीला हाका मारत.

“गो आवडी, पानी आन! भोयांच्या पायांवर घालायला पानी! नारळ कुठं हाय?”

टेम्पो थांबला. रामजी खाली उतरतोय तोवर आत्याने त्याच्या पायांवर अख्खा तांब्या ओतला. वर मान करून बघायचं असतं कुठे? देवी पालखीत असते, आपली नजर भुईला.

“आत्या, मी रामजी!”

“तू कधीपासनं भोई झालास रे?”

“अगो पालखी नाय, टेम्पो हाय! गानं हाय ते, जितेशचं!”

तोवर नारळ फुटला होता, बंपरवर. दारोदार बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन उभ्या. पहिल्यांदा सगळे हसले. मीही हसले. मग भागोजीकाका आले. गावकीचे अध्यक्ष म्हणून ते हल्ली शेतातही कडक इस्त्रीचा शर्ट घालतात. ते हसले नाहीत. “उठवनी बाजारात नेली कोनी?” एवढंच विचारलं, आणि सगळ्यांनी आबांच्या घराकडे बघितलं.

आबा दारात उभे होते. ढोल संपून तुझा आवाज लागला तसे आत गेले. त्या शिमग्याला फेरी अर्ध्यावर असताना तू ढोल उतरवून शेवटच्या एसटीने कार्यक्रमाला गेलास, त्याला दहा-बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. मीही त्यांच्यासमोर काढत नाही.

२४ तारखेला गावकीची बैठक आहे. उठवणीचा ढोल पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात आहे आणि पालखी पहिली आपल्या अंगणात थांबते. दोन्हींचा विचार होणार आहे. त्याखेरीज आबांकडे काय आहे, ते मी वेगळं लिहीत नाही.

तू ये. नाहीतर भागोजीकाकांना फोन कर. नंबर मागे लिहिलाय.

ताई


महाड, २५ नोव्हेंबर

जितेश,

तू आला नाहीस आणि फोनही केला नाहीस. रागावून लिहीत नाही. पत्र पोचलं का, याचीच खात्री नाही.

बैठक देवळात झाली. मुंबई मंडळाचे चारपाच जणही आले होते. बायका नेहमीप्रमाणे बाहेर, पायरीशी. भागोजीकाका म्हणाले, “पयलं एकच ठरवू. गान्यात हाय ती आपलीच उठवनी, का तिच्यासारखी दुसरी?”

पोरं तुझ्या बाजूची होती. “काका, त्यात ड्रम हाय, बास हाय, मधी शिट्टी हाय. ती आपली कशी होईल?” म्हातारे म्हणाले, शिट्टी घातली म्हणून देवी ओळखायची राहते का? मोबाइलवर गाणं लावलं. देवळात लावायचं म्हणून आवाज बारीक केला आणि बारीक केल्यामुळे कुणालाच काही कळेना. शेवटी ठरलं, तीच आहे.

मग निर्णय. शिमग्यापर्यंत याचं निवारण झालं नाही तर ढोल दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार आणि पालखी आपल्या दारावरून पुढे जाणार. कुणीतरी एक शब्द उच्चारला तर भागोजीकाका त्याच्यावरच धावले. “वाळीत-बिळीत कोनी बोलायचं नाय. कायदा हाय. आपन कोनाला टाकत नाय. पालखी थांबनार नाय, येवढंच.”

आबांना विचारलं, “सोनबा, तुझं काय म्हननं?”

“माझं काय? वाजवलं त्याला विचारा.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तुझ्याविषयी काही बोलले. नाव घेतलं नाही, पण बोलले. याला मी जास्त महत्त्व देतेय का, याचा विचार रात्रभर केला. अजून ठरलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी ढोल खुंटीवरून काढला, जुन्या धोतरात बांधला आणि माळ्यावर टाकला. जेवले व्यवस्थित.

ताई


महाड, १५ डिसेंबर

जितेश,

दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत.

पहिली सोपी. चित्रपट मी पाहिलेला नाही असं लिहिलं आणि त्याच पत्रात तू पेट्रोलपंपावर तिघांना लोळवतोस हेही लिहिलं. खोटं बोलण्याचा सराव नाही. लागला त्याच आठवड्यात पनवेलला जाऊन पाहिला. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. सुनीलने परत आल्यावर विचारलं, “दात कसा आहे?” मी म्हटलं, “गातो बरा.” नवरा समजूतदार मिळालाय, पुढे काही विचारलं नाही.

खरं सांगू? गोष्ट अगदीच पातळ आहे. ट्रकवरचा क्लीनर ढाब्यावर गाणं म्हणतो, मालकाची मुलगी प्रेमात पडते, मालक ट्रक विकायला काढतो, मग मोठी स्पर्धा. तू मार खातोस, तुझा कोंबडा हलत नाही. रडायच्या प्रसंगात तू लहानपणी गणिताचा पेपर घेऊन घरी यायचास तसाच दिसतोस. पण गाणं सुरू झालं की पायापासून डोक्यापर्यंत वेगळा माणूस उभा राहतो. सातही गाण्यांना थिएटरातली पोरं खुर्च्या सोडून नाचत होती. सहाव्याला मला उठून दाराकडे धावावंसं वाटलं. हात खुर्चीवर घट्ट धरून बसले.

दुसरी गोष्ट अवघड. मागच्या पत्रात ‘शेवटी ठरलं, तीच आहे’ असं लिहिलं. कुणी ठरवलं ते लिहिलं नाही. मी ठरवलं.

मोबाइलवरून काही कळेना तेव्हा भागोजीकाका पायरीकडे वळून म्हणाले, “अमिता, तू लॅबात हायस. हा माल नि तो माल एकच का, हेच तुझं काम. तू सांग. सांगशील ते मानू.”

मुंबईकर, पोरं, म्हातारे, सगळे मानायला तयार होते. ‘सारखी आहे, तीच नाही’ एवढं म्हटलं असतं तर चहा पिऊन सगळे घरी गेले असते. पोरांनी मला खुणाही केल्या. मी आबांकडे पाहिलं, ते खांबाकडे बघत होते. आणि मी म्हणाले, “तीच आहे. मात्राही कमीजास्त नाही.”

कंपनीत एखादी बॅच नापास करताना माझा हात थांबत नाही. पण तिथे माझा बाप उभा नसतो. मी खरं बोलले म्हणून बोलले, की सगळ्या गावासमोर विचारलं गेल्याचा तोरा चढला होता? डायरीत दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. एक दिवस एक खरी वाटते, दुसऱ्या दिवशी दुसरी. घडलं ते असं की माझ्या एका वाक्यामुळे आबांचा ढोल माळ्यावर आहे. ते मला त्यावरून एक अक्षर बोललेले नाहीत. काल मी निघाले तेव्हा वरीच्या तांदळाची पुरचुंडी नेहमीसारखी हातात दिली.

तुला दोष देणारं पत्र लिहायला बसले होते. तो अधिकार आता अर्धाच उरलाय.

ताई


महाड, १२ जानेवारी २०२५

जितेश,

तुझा आवाजी निरोप मिळाला. आधी मुद्द्यांना उत्तर देते.

तू म्हणतोस, “ताई, मी चोरलं काय? माझ्या बापाचा ढोल, माझ्या वाडीची चाल. लाखो लोकांनी ऐकली तर या पंचवीस घरांचं काय कमी झालं?” चोरलंस असं मला वाटत नाही. बैठकीतही तो शब्द कुणी काढला नाही, हे लक्षात घे. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. घरातल्या विहिरीचं पाणी सगळ्या गावाला पाजायला हरकत नाही, पण उठवणी हा पाण्याचा प्रकार नाही, ती हाक आहे. हाक मारायची आणि यायचं नाही, असं करत नाहीत.

तू म्हणतोस, माफीचा व्हिडिओ टाकतो. नको. तो बघायला भागोजीकाकांना पोरांकडून मोबाइल मागावा लागेल आणि ते मागणार नाहीत.

तू म्हणतोस, देवळाला नवीन स्पीकर देतो. अजिबात नको. रामजीच्या एका जोडीने एवढं झालंय.

निरोपाच्या शेवटी तू थांबलास. मागे कुणीतरी गिटार जुळवत होतं. मग विचारलंस, “त्यांनी ऐकलं का गं?” हे मी किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही. नुसता ढोल ऐकला, जितेश. तुझा आवाज लागल्यावर ते आत गेले. आत जाऊन ऐकलं की नाही, ते कसं सांगू? भिंत कुडाची आहे.

गोदूआत्याचं एक वेगळंच सुरू झालंय. संक्रांतीचे तीळ निवडत बसली होती, मध्येच म्हणाली, “माझा नारळ कोनाला गेला गो?”

मी म्हटलं, “कुठला नारळ?”

“भाऊबीजेचा. देवी आली म्हनून फोडला. आली नाय म्हनता. मग टेम्पोला गेला का? मी बंपरला नारळ दिला काय?”

मी हसले. ती हसली नाही. “सगळ्या बाया ताटं घेऊन उभ्या व्हत्या. ती ताटं तशीच आत नेली. तसं करतात का?” मग तिळाचं सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, “तू शिकलेली हायस, विचार कर.”

मी विचार करतेय. तूही कर.

ताई


महाड, १७ फेब्रुवारी

जितेश,

काल पुन्हा बैठक झाली. ती गोदूआत्याने लावली. गावकीच्या इतिहासात बाईने बैठक लावल्याचं कुणाला आठवत नाही. तिने लावली म्हणजे काय केलं, तर घरोघर जाऊन बायकांना विचारलं, तुझा नारळ कोनाला गेला? दोन आठवड्यांत नवऱ्यांना जेवणं धड मिळेनाशी झाली.

ती पायरी चढून थेट आत गेली आणि खांबाला टेकून बसली. तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

“भागोजी, तू म्हनतोस ती उठवनीच.”

“मी कशाला? सोनबाच्या पोरीनं सांगितलं. मात्राही कमी नाय.”

“मग देवी उठली.”

“आत्या, ती टेम्पोत व्हती.”

“देवी कशातनं यील ते तू ठरवनार? दरडी आल्या त्या साली पालखी वाहून गेली, तेव्हा डोईवरच्या पाटीत बसवून आनलीत. चालली ना? तेव्हा पाटी चालते नि आता टेम्पो नाय चालत?”

मागून कुणीतरी म्हणालं, पाटीला स्पीकर नव्हता. पण हसायचं कोणी धाडस केलं नाही.

“उठवलीत तिला,” आत्या म्हणाली. “मग फिरवली नाय, बसवली नाय. भाऊबीजेपासनं ती वाटेत उभी हाय. आनि तुम्ही सोनबाच्या दारावर भांडताय!”

मला वाटतं, देवी इतके महिने वळणावर ताटकळत उभी आहे हे चित्र सगळ्यांसमोर एकदमच आलं. भागोजीकाका म्हणाले, “मग करायचं काय?”

“जुनं काय हाय? ज्यानं उठवली त्यानं खांदा द्यायचा. दारोदार फिरवायची, सहाणेवर बसवायची. मग दोष नाय कोनाला.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. खरंच असा जुना नियम आहे, की आत्याने तो तिथेच घडवला, ते मी कुणाला विचारलेलं नाही. लॅबमध्ये मी असा नमुना पुढे जाऊ दिला नसता. काल जाऊ दिला.

ठरलं ते असं. होळीनंतरच्या शनिवारी, १५ मार्चला, पालखी निघेल. तू पुढच्या दांडीला खांदा द्यायचास, सगळ्या घरांना, मध्ये बदली न घेता. दिलास तर ढोल आबांकडे राहील आणि पालखी आपल्या अंगणात थांबेल. भागोजीकाकांनी एक वाक्य तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय, “हिरो असशील तुझ्या पिच्चरात. हितं खांदा देतो तो भोई.”

एक कळतंय का तुला? मी त्या दिवशी ‘तीच नाही’ म्हटलं असतं तर देवी उठलीच नसती आणि तुला परत यायला दारच उरलं नसतं. याचं श्रेय मी घेत नाही. पण आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली.

आबांना मी विचारलं, “तो आला तर वाजवाल?” ते म्हणाले, “ढोल ज्याच्याकडं असंल त्याला वाजवावंच लागतं.” आणि संध्याकाळी माळ्यावरून ढोल खाली आला. चामड्याला तेल लावलं, दोऱ्या ताणल्या. माझ्याकडे न बघता हे सगळं केलं.

१५ तारखेला पुण्यात तुझा मोठा कार्यक्रम आहे, हे मला माहीत आहे. कंपनीतल्या पोरांनी तिकिटं काढलीत. कार्यक्रम सोड असं सांगणं योग्य नाही, तिथे किती जणांचं पोट असेल, तारीख मोडली तर तुझ्या नावाचं काय होईल, हे सगळं मला कळतं. हे सगळं लिहून झाल्यावर लिहिते: सोड.

धोतर आणू नकोस, इथे आहे. अनवाणी चालायची सवय मात्र करून ये. सध्या गच्चीवर चाल, दुपारची.

ताई


महाड, २३ मार्च

जितेश,

तू घाईने निघालास आणि मला तुला काही सांगता आलं नाही. पालखीखालच्या माणसाला समोरच्या माणसाची पाठ आणि खालची वाट, एवढंच दिसतं. मी बाहेर होते. मला दिसलं ते लिहिते.

पुण्याची तारीख मोडून तू पहाटे आलास तेव्हा भागोजीकाका सहाणेवर उभे होते. कोंबडा नसलेला बघून त्यांनी तुला आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर शर्टाची कॉलर नीट केली. कुणाच्या तरी मोबाइलवर तुझा फोटो निघत होता, तो त्यांनी हातानेच खाली केला. “आज नाय. आज भोई हाय तो.” तुला हे अपमानाचं वाटेल म्हणून मी आधी लिहिणार नव्हते. पण ते रागाने म्हणाले नाहीत. एखादा आपल्या पोराची नजर काढतो तसे म्हणाले.

आबांनी उठवणी धरली आणि पालखी उचलली. तुम्ही एकमेकांकडे पाहिलं नाहीत. गोदूआत्याने पहिला तांब्या तुझ्या पायांवर ओतला तेव्हा तू ओरडलास, “आत्या, पोळलं!” आणि ती म्हणाली, “गप. शेरातल्या पायांना गारठा बाधतो.” ते पाणी तिने चुलीवर मुद्दाम ऊन केलं होतं. बाकीच्या भोयांना गारच मिळालं.

आता खरी गोष्ट. वरच्या आळीला, चढणीवर, तुझा खांदा खचला. तू दात आवळून चालला होतास. पालखी डावीकडे कलली. भोयांचे पाय ढोलाच्या हुकमात असतात, हे तुला माहीत आहे. ढोल जोरात तर पाय जोरात. त्या चढणीवर चाल चढवायची असते, नेहमी चढवतात. आबांनी ती उतरवली. टिमकीवाला भैरू गोंधळला, त्याच्या काड्या पुढे गेल्या. भागोजीकाका ओरडले, “सोनबा, ओढ की!” आबा म्हणाले, “हात दुखतो माझा.”

त्यांचा हात दुखत नव्हता, जितेश. मी शेजारून चालत होते. पुढच्या सपाटीवर त्याच हाताने त्यांनी सगळ्या वाडीला नाचायला लावलं. चढणीवर ते तुझ्या पायांकडे बघून वाजवत होते. तुझं एक पाऊल, त्यांचा एक टोला. तुझं पाऊल पडल्याशिवाय टोला पडत नव्हता. पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा तुझा चेहरा लाल झालेला होता आणि त्यांचा कोरडा होता. तुमचं दोघांचं सगळं बोलणं मी त्या चढणीवरच ऐकून घेतलं होतं.

देवी सहाणेवर बसल्यावर तू गाडीत बसताना मला विचारलंस, “पुढच्या चित्रपटाच्या गाण्याला ते वाजवतील का? विचार ना.” स्वतः का विचारत नाहीस, असं मी म्हणणार होते, पण तुझा खांदा सुजलेला दिसला.

काल विचारलं. म्हणजे आधी माझा फोन त्यांच्या हातात दिला आणि तुझी गाणी लावली. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. फोन कानाला लावला आणि गोठ्याच्या दारात बसून सातही गाणी ऐकली. म्हैस मध्येच हंबरली तर तिला गप केलं. सहावं परत लावायला सांगितलं.

मग म्हणाले, “दुसऱ्या फेऱ्यात घाई करतो. ल्हानपनापासनं करतो.”

मी फोनचा आवाज बारीक केला.

“ती तार बरी हाय. पन खाली टिमकी पायजे. नुसता ढोल पोकळ लागतो. भैरूला घेऊन जाऊ. सनई नको, सनईवाल्याला गाडी लागते.”

‘जाऊ’ म्हणाले. माझी खात्री होईना म्हणून विचारलं, “कुठे जाऊ?”

“त्याच्याकडं. तो एकटाच किती दिवस चुकीचं वाजवनार?”

भागोजीकाकांना आज सकाळी तेच भेटून आले. उठवणी सोडून बाकी काय वाजवायचं ते वाजवा, असं गावकीचं म्हणणं. तेव्हा पाडवा झाला की पुढच्या सोमवारी मी त्या दोघांना पोलादपूरला सकाळच्या गाडीत बसवते. रजा मिळाली तर मीही येते. मिळेल.

त्यांना तुझ्या स्टुडिओविषयी एक काळजी होती. एवढा ढोल बिल्डिंगमध्ये वाजवल्यावर शेजारी भांडायला येत नाहीत का? मी समजावलं, भिंतींना जाड गाद्यांसारखं लावलेलं असतं, खिडक्या बंद असतात, बाहेर कुणालाच काही ऐकू जात नाही.

ते माझ्याकडे वळले.

“कोनालाच नाय? मग वाजवायचं कशाला? त्याला म्हनावं, एक खिडकी उघडी ठेव.”

ताई